चार ओळींची बातमी

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. विषय टीव्हीवरच्या एका मालिकेचा आहे आणि माझ्या एका जुन्या बातमीचाही.

आधी बातमी सांगतो. सात वर्षांपूर्वीची. दौंड तालुक्यातलं भीमाकाठचं एक गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बातमी अशी होती : कपडे धुण्यासाठी नदीवर गेलेल्या विवाहितेचा पाय घसरून पाण्यात बुडून मृत्यू झाला. तिच्या मागे पती, सासू, सासरे, दोन मुले असा परिवार आहे. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली असून पुढील तपास सुरू आहे.

संपली. चार ओळी, आतल्या पानावर खालच्या कोपऱ्यात. लिहायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती. त्या दिवशी कांद्याचे भाव पडले होते, मी त्या बातमीच्या मागे होतो.

तीन महिन्यांनी शिरूर एसटी स्टँडजवळच्या आमच्या खोलीवजा कार्यालयात एक बाई आल्या. साठीच्या आतबाहेरच्या. सोबत शाळेच्या कपड्यातला नातू. त्यांनी पिशवीतून एक प्लॅस्टिकचा कागद काढला, त्याच्या घडीत माझी बातमी कापून ठेवलेली. त्यांना वाचता येत नव्हतं. नातवानं वाचून दाखवली होती.

"दादा, हे तुमी लिवलंय?"

"हो मावशी."

"पाय घसरला म्हनून लिवलंय. तुमी व्हता का तितं?"

मी आमचं ठरलेलं उत्तर दिलं. "मावशी, पोलिसांनी दिलेली माहिती असते ती."

"मंग पोलिस व्हते का तितं?"

मी गप्प.

"माझी लेक घोडनदीच्या काठाला वाढलीय. सात वर्सांची व्हती तवापास्नं पवायची. पोरांच्या बरोबरीनं उड्या टाकायची. आन् ती धुन्याच्या दगडावरनं घसरून बुडली?"

मी त्यांना चहा दिला. बघतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात फोन केला, तपास चालू आहे असं कळलं. डेस्कवर विचारलं, तर तिकडून प्रश्न आला, नवीन काही आहे का त्यात? नवीन काही नव्हतं. एका आईची शंका होती, आणि शंकेची बातमी होत नाही. मी विषय सोडून दिला. मावशी परत आल्या नाहीत, मीही गेलो नाही.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये वाद सुरू होईल. तिला कुणी मारलं असं मी म्हणत नाही. खरंच पाय घसरला असेल. चांगल्या पोहणाऱ्या माणसाला पाण्यात चक्कर येऊ शकते. माझं म्हणणं एवढंच, की मी तिथं नव्हतो आणि तरीही मी तिथं असल्यासारखं लिहिलं.

आता मालिकेचं सांगतो. ‘स्टोरीज बाय रवींद्रनाथ टागोर’. २०१५ साली एपिक वाहिनीवर आली, अनुराग बसू यांनी उभी केली, पुढे नेटफ्लिक्सवरही दाखवली गेली. भाषा हिंदी, काळ जुन्या बंगालचा. एक कथा एक-दोन भागांत, फार तर आणखी एखाद्या भागात संपते. सासूनं कान लावून ऐकलेलं गुपित पाचशे भाग पुरवायचं, असला प्रकार नाही. टागोरांच्या कथा-कादंबऱ्यांतल्या बायका एकेक करून समोर येतात. ‘चोखेर बाली’तली बिनोदिनी आपल्या पुण्यात वाढलेल्या राधिका आपटेनं केलीय. विधवा आहे म्हणून मन मेलेलं नाही, हे ती न बोलता सांगते.

मला ही मालिका बघायला तशी दहा वर्षं उशीरच झाला. गेल्या महिन्यात घरच्यांनी लावली म्हणून बसलो. पहिल्यांदा लागली ती ‘नष्टनीड’ची गोष्ट. सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ याच कथेवरचा. त्यातला नवरा वर्तमानपत्र काढतो. चांगला माणूस आहे, बायकोवर ओरडत नाही, मारत नाही, फक्त दिवसरात्र पेपरात बुडालेला असतो. देशात काय चाललंय ते त्याला कळतं, शेजारच्या खोलीत काय चाललंय ते कळत नाही. आमच्या सौ. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे तुमचंच की." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग ‘शास्ती’ लागली. मूळ कथा १८९३ ची. दोन भाऊ, मजूर. दिवसभर जमीनदाराच्या वेठीला राबून, एक दाणाही न मिळता घरी येतात. थोरला जेवायला मागतो. घरात काही नसतं. त्याची बायको टोचून बोलते आणि हा हातातलं हत्यार तिच्या डोक्यात घालतो. ती जागेवर जाते. तेवढ्यात गावातला एक माणूस दारात येतो. काय झालं विचारतो. धाकट्याच्या तोंडून निघून जातं, माझ्या बायकोनं मारलं. मग तो बायकोला समजावतो, तू असं असं सांग, तुला सोडवतील. हिशेब सरळ आहे : बायको दुसरी मिळेल, भाऊ दुसरा मिळणार नाही.

ती, चंदरा, नवऱ्याकडे एकदा बघते. पुढे पोलिसांसमोर, कोर्टात, सगळीकडे सांगते, हो, मीच मारलं. त्यानं पढवलेली सुटकेची वाटही घेत नाही. शेवटी दोघं भाऊ स्वतः गुन्हा कबूल करतात, पण तोवर कुणाचा विश्वास बसत नाही. तिला वाचवायला खोटं बोलतायत असं कोर्टाला वाटतं. फाशीच्या आधी ती आईला भेटायचं म्हणते. नवऱ्याला भेटायला तयार होत नाही.

मी म्हणालो, "नवऱ्यासाठी जीव दिला बिचारीनं."

सौ. म्हणाल्या, "नवऱ्यासाठी नाही हो. त्याला आयुष्यभर पुरेल अशी शिक्षा दिलीय तिनं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चंदरापेक्षाही दारात आलेला तो गावातला माणूस डोळ्यापुढून जाईना. त्यानं विचारलं, घरातल्या पुरुषानं सांगितलं, याला पटलं, आणि तेच खरं ठरलं. तो माणूस मी आहे. आमच्या धंद्यातले आम्ही बरेच जण आहोत.

बातमी कशी तयार होते ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखादी बाई विहिरीत, नदीत, शेततळ्यात सापडली किंवा गळफास घेतलेली आढळली, की पोलिस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. त्यात एक रकाना असतो, खबर देणार. कुणीतरी येऊन खबर दिल्याशिवाय नोंद होणार कशी? सासरी राहणाऱ्या बाईच्या बाबतीत खबर देणार बहुतेक वेळा नवरा, दीर, सासरा किंवा भावकीतलं कुणी असतं. तो जे सांगतो ते कागदावर येतं. संध्याकाळी तीच माहिती पत्रकारांच्या ग्रुपवर येते. आम्ही ‘खबर देणार’ हे दोन शब्द काढून टाकतो आणि उरलेलं छापतो. एका माणसाचं सांगणं सकाळपर्यंत घडलेली गोष्ट होऊन जातं. यात पोलिसांची चूक काढत नाही, नोंद अशीच होते. ते दोन शब्द काढले आम्ही.

कायद्याला ही अडचण ठाऊक आहे. लग्नाला सात वर्षं पूर्ण व्हायच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर चौकशी दंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि शवविच्छेदन करावंच लागतं. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मावशींच्या लेकीच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती.

दुसरा आमचा लाडका शब्द, ‘घरगुती कारण’. घरगुती कारणावरून विवाहितेची आत्महत्या. वीस वर्षांत मी हे किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. सरकारी आकडेवारीतही त्याचा भाऊ आहे, ‘कौटुंबिक समस्या’. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्यात आणि त्यातल्या ३१.७ टक्क्यांच्या पुढे कारण म्हणून हेच लिहिलंय. त्या वर्षी आत्महत्या केलेल्या ४८ हजारांवर स्त्रियांमध्ये २५ हजार ३०९ गृहिणी होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. शेतकऱ्यानं जीव दिला तर आपण निदान विचारतो, कर्ज किती होतं, पीक कशानं गेलं, सोसायटीची नोटीस आली होती का. तसं विचारायलाच हवं. गृहिणीच्या वेळी ‘घरगुती’ म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या शब्दात दार लावून घेतल्याचा आवाज आहे.

याच मालिकेत मृणालची गोष्ट आहे, ‘स्त्रीर पत्र’ या कथेवरची. कथा १९१४ ची. पंधरा वर्षं संसार केलेली बाई तीर्थाला गेलीय आणि तिथून नवऱ्याला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहितेय : मी परत येणार नाही. कारण काय, तर घरात आश्रयाला आलेली बिंदू नावाची अनाथ पोर. तिचं लग्न वेड्या माणसाशी लावून दिलं. ती पळून आली, परत धाडली, पुन्हा पळाली, पुन्हा धाडली. शेवटी तिनं कपड्यांना आग लावून घेतली. त्यावर लोक म्हणतात, हल्ली पोरींना ही नवी फॅशनच झालीय. आमच्या आधीच्या पिढीतल्या पत्रकारांना ‘स्टोव्हचा भडका’ आठवत असेल. भडका बरोबर सुनेच्याच वेळी कसा उडायचा, हे विचारायला महाराष्ट्रातल्या बायकांना रस्त्यावर यावं लागलं होतं.

बंगालच्या गोष्टी इथं कशाला, असं कुणी म्हणेल. थांबा, यातला एक धागा आपल्या दौंड तालुक्यातून जातो.

१८८९ साली हेच रवींद्रनाथ पुण्यात होते. वय अठ्ठावीस. पंडिता रमाबाई अमेरिकेहून नुकत्याच परतल्या होत्या आणि त्यांचं भाषण होतं. रवींद्रनाथ ऐकायला गेले. सभेतल्या पुरुषांनी एवढा आरडाओरडा केला की बाईंना भाषण पुरं करता आलं नाही. रवींद्रनाथांनी त्यावर बंगालीत एक पत्रलेख लिहिला. हुल्लड करणाऱ्यांना त्यांनी टोले दिले, पण रमाबाईंचं म्हणणं काही त्यांना पटलं नव्हतं. स्त्री बुद्धीत आणि बळात पुरुषाच्या बरोबरीची होणार नाही, घर सांभाळणं हेच तिचं निसर्गानं नेमून दिलेलं काम, या धाटणीचं ते लिहून गेले.

आणि चार वर्षांनी त्याच माणसानं चंदरा लिहिली. पंचवीस वर्षांनी मृणाल लिहिली.

रमाबाईंच्या एका भाषणानं हे झालं असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात घरच्या जमीनदारीची व्यवस्था बघायला ते पद्मा नदीच्या बाजूला जाऊन राहिले. नावेतून फिरले, रयतेत वावरले, कुणाच्या घरात काय चाललंय ते जवळून पाहिलं. एवढा मोठा कवी, पण त्यालाही आधीचं मत बाजूला ठेवून नदीकाठी जाऊन बसावं लागलं. मी तर तालुक्याचा वार्ताहर.

आणि रमाबाई पुढे कुठं गेल्या? आपल्या केडगावला. शिरूरहून न्हावरे, पारगाव करत चौफुल्याला जाताना भीमा ओलांडली की थोड्याच अंतरावर केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, टाकलेल्या मुली-बायका गोळा करून त्यांनी इथं आणल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं. बायका शेती करत, विणकाम करत आणि छापखानाही चालवत. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर तिथंच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई केडगावातच वारल्या. म्हणजे याच तालुक्यात बायका शंभर वर्षांपूर्वी स्वतः खिळे जुळवत होत्या, आणि मी त्याच तालुक्यातल्या बाईचं मरण चार ओळींत गुंडाळत होतो, तेही दुसऱ्याच्या शब्दांत.

आता शिरूरचं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा कथासंग्रह आला आणि महाराष्ट्रात वादळ उठलं. लेखिकेचं नाव छापलं होतं विभावरी शिरूरकर. ही शिरूरकर कोण, खरंच बाई आहे की बाईच्या नावानं लिहिणारा पुरुष, याचा शोध घेत लोक फिरत होते. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. कथा कुणाच्या? शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या. ज्यांच्या पगारावर घर चालतं आणि म्हणूनच ज्यांच्या लग्नाची घाई कुणाला नसते, अशांच्या. ज्यांना मन आहे आणि शरीरही आहे, अशांच्या. हे बोलल्याबद्दल एवढा गदारोळ झाला की टोपणनावाआड राहणं किती शहाणपणाचं होतं ते दिसलं.

सकाळी लवकर शिरूरच्या नाक्यावर उभं राहून बघा. रांजणगाव एमआयडीसीच्या कंपन्यांच्या गाड्या येतात. त्यात चढणाऱ्या पोरींकडे बघा, कुणाच्या पगारावर भावाचं शिक्षण चाललंय, कुणाच्या पगारावर घराचा स्लॅब पडलाय. नव्वद वर्षांपूर्वीची कळी आता ओळखपत्र गळ्यात घालून शिफ्टला जाते. तिची गोष्ट कोण लिहितंय? मी तर फक्त गाडीला अपघात झाला तरच लिहितो.

मालिकेबद्दल तक्रार एकच. सगळं फार देखणं आहे. साड्या, वाडे, खिडकीतून येणारं ऊन. ‘शास्ती’तली भूक इतक्या सुंदर उजेडात थोडी कमी लागते. आपल्या मातीतली मालिका कुणी केली तर त्यात पाचटाचा धूर असावा, गुऱ्हाळाची चिकट जमीन असावी, दौंड स्टेशनावर रात्री पोरं कुशीत घेऊन गाडीची वाट बघणारी ऊसतोडीची बाई असावी. बोरा कॉलेजच्या पोरापोरींनो, एकांकिका स्पर्धेसाठी दरवर्षी विषय शोधता ना? गावाचं नाव लावलेली लेखिका आहे. लायब्ररीत जा.

आता येणाऱ्या कमेंटचं उत्तर आधीच देतो. "दादा, कायद्याचा गैरवापर पण होतो." होतो. मी तशी प्रकरणंही पाहिलीत, निर्दोष म्हातारे सासू-सासरे कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना पाहिलेत. म्हणूनच म्हणतोय की बातमीत निकाल लावू नका, ना सासरच्या बाजूनं ना माहेरच्या. ‘पाय घसरून मृत्यू’ हाही निकालच आहे. तो निकाल असल्यासारखा दिसत नाही, एवढाच फरक.

मी माझ्यापुरतं तीन गोष्टी ठरवल्यात. एक, मरणाचं कारण स्वतःच्या तोंडानं लिहायचं नाही. कुणी सांगितलं ते लिहायचं, "पतीने पोलिसांना दिलेल्या माहितीनुसार". तीन-चार शब्द वाढतात, जागा असते तेवढी. दोन, माहेरी एक फोन करायचा. ते रडतील, शिव्या देतील, काहीच बोलणार नाहीत, तरी करायचा. तीन, ‘घरगुती कारण’ बंद. कारण कळलं तर लिहायचं, नाही कळलं तर कारण स्पष्ट नाही असं लिहायचं. तालुक्यातल्या माझ्या मित्रांनाही हात जोडून सांगतो, तुम्हीही करून बघा. पोलिस पाटलांनाही विनंती, फोनवर "काही नाही, घरगुती मॅटर" असं आम्हाला सांगू नका. आम्ही तेच लिहून मोकळे होतो.

गेल्या रविवारी मी मावशींच्या गावाला जाऊन आलो. सात वर्षांनी. वाटेत दोनदा गाडी परत वळवावी वाटली. त्या ओट्यावर कांद्याचं बी निवडत बसल्या होत्या. मला ओळखलं. "आता काय लिवायचंय?" एवढंच म्हणाल्या. रागानं नाही.

मी म्हणालो, "काही नाही. ती कशी होती ते विचारायला आलोय."

त्यांनी सूप खाली ठेवलं. तासभर बोलल्या. सातवीत पहिली आली होती. शिवणाची मशीन माहेराहून नेली होती, ती सासरी माळ्यावर टाकून दिली. गळा गोड होता, जात्यावरच्या ओव्या आजीकडून शिकली होती. दर पंचमीला यायची, शेवटच्या वर्षी धाडली नाही. सासूशी पटायचं हेही मावशींनी सांगितलं. सासरा वाईट नव्हता म्हणाल्या. कुणावर आरोप केला नाही. नदीचं मी विचारलं नाही, त्यांनीच निघताना सांगितलं की त्या दिवसापासनं त्या नदीवर धुणं घेऊन जात नाहीत, हापशावर जातात.

यातलं पेपरात काही येणार नाही. नवीन काही नाही त्यात. त्यांना विचारून, नाव-गाव न घेता, इथं लिहितोय.

निघताना त्यांनी प्लॅस्टिकची ती घडी आणून माझ्या हातात दिली. "हे तुमचं तुमी ठिवा. आमाला नगं आता." ते कात्रण माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. कार्यालयात आलात तर दिसेल.

माझ्या बातमीत पुन्हा कधी ‘घरगुती कारण’ दिसलं, तर फोन करून झापा. नंबर तुमच्याकडे आहेच. आणि घरात, शेजारी कुणाला त्रास असेल, कुणी जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी बोलत असेल, तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानसची हेल्पलाइन आहे. बातमी व्हायच्या आधी फोन करा.